लेकरू जेवत नाही म्हणून दुधावर ठेवताय? या चुका टाळा

माझी धाकटी दीड वर्षाची होती तेव्हा जवळजवळ दुधावरच होती. सोलापुरात आमच्याकडे म्हशीचं दूध येतं, तापवलं की जाड साय धरते. जेवायला बसवलं की ती तोंड फिरवायची. सासूबाई म्हणायच्या, "खाईना तर राहू दे गं, निदान पोटात दूध तरी जाऊ दे." मलाही ते पटायचं. वजन बरोबर होतं, गाल गुबगुबीत होते. फक्त चेहरा फिकट पडला होता आणि अंगणात सोडलं की कुंडीतली माती तोंडात जायची.

डॉक्टरांनी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून बघितली. आतला भाग लालसर हवा, तो पांढुरका होता. "दूध किती पिते?" मी म्हटलं, तीन पेले. "पेला केवढा?" ते मला सांगता येईना. घरी येऊन तिच्या स्टीलच्या पेल्यात मापाने पाणी ओतलं तर ३०० मिली मावलं. म्हणजे दिवसाला ९०० मिली, आणि रात्रीची बाटली वेगळी. हिमोग्लोबिन ७.९ आलं. या वयात ते साधारण ११ तरी हवं.

तेव्हा पहिली चूक हीच: दूध पेल्यात मोजणं. तुमच्या घरचा पेला आजच मापून बघा.

दूध पोट भरतं, रक्त भरत नाही

एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिली गाईच्या दुधात ते साधारण १२० मिलीग्रॅम असतं, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. म्हणजे दही धरून दिवसाला ३५० ते ४०० मिली पुरेसं झालं. ५०० मिलीच्या वर जाऊच नका.

लोहाचं गणित उलटं आहे. या वयात रोज ८ मिलीग्रॅम लोह लागतं आणि अख्ख्या लिटरभर दुधात ते जेमतेम अर्धा मिलीग्रॅम असतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. एवढं प्यायलेल्या लेकराला भूक लागणार कुठून? आपण म्हणतो खात नाही म्हणून दूध देते. आमच्या घरी मात्र दूध पीत होती म्हणून खात नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी जवळपास ६९ मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याला कारणं अनेक आहेत, पण दुधाचं हे कारण आपल्या हातातलं आहे.

कमी करताना काय चुकतं

एकदम बंद करू नका. घरभर रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी आपणच हरतो. मी आधी जेवणाअगोदरचं दूध बंद केलं. जेवण झाल्यावर अर्धा पेला, तोही वाटीने किंवा कपाने. मग रात्रीची बाटली. दूध तोंडात राहून झोपलेल्या मुलांचे पुढचे दात किडतात, म्हणून बाटलीत रोज थोडं दूध कमी आणि पाणी जास्त करत नेलं. दहाव्या दिवशी नुसतं पाणी उरलं आणि तिनेच बाटली ढकलून दिली. पाणी घालणं हे फक्त बाटली सोडवण्यासाठी. पुरवठ्याला यावं म्हणून पातळ केलेलं दूध रोज देऊ नका.

भूक परत यायला आठवडा लागला. तेवढा धीर धरावाच लागतो. आमच्याकडे ज्वारीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, वर तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबाने डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. शेंगा चटणी तिला तिखट लागते, म्हणून नुसतं कूट घातलं. अख्खे शेंगदाणे मात्र पाच वर्षांखाली देऊ नका, ते घशात अडकतात. कडक भाकरी दुधात भिजवून द्यायला हरकत नाही, पण ते दूध दिवसाच्या हिशोबात धरा.

चहा-बिस्किट ही दुधाइतकीच घातक सवय आहे, चहाही लोह अडवतो. दूध पीत नाही म्हणून चॉकलेटी पावडर घालू नका, त्यात साखरच जास्त असते.

अजिबात पीत नसेल तर?

तर नाही प्यायली. दूध सक्तीचं नाही. दही, पनीर चालतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, शिवाय तीळ, राजगिरा आहेत. पातळ ताक दह्याइतकं धरू नका. घरात मांस-अंडं नाही आणि मूल दूध-दहीही घेत नसेल, तर बी-१२ साठी डॉक्टरांना विचारा. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही आईचं दूध चालू असेल तर ते चालू राहू दे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचं वरचं दूध पाजू नका.

कधी थांबू नये

माती, खडू, भिंतीचा पोपडा खाणं, पांढुरके तळवे, लगेच दमणं दिसलं तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं असेल तर नुसत्या खाण्याने भरून येत नाही, औषध लागतंच. दूध प्यायल्यावर अंगावर पुरळ, उलट्या किंवा शौचात रक्त दिसलं तर दूध थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आशाताई लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. रक्त आधीच कमी असेल तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टर ठरवतात. हे औषध दुधात मिसळून देऊ नका. मी तीच चूक केली होती आणि पहिला महिना वाया गेला. आता दुधानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याच्या चमच्याबरोबर देते. शी काळी होते, त्याने घाबरू नका.