घरी राहून काम करणाऱ्या ताईंचे पहिले काही आठवडे

पुण्या-मुंबईकडच्या घरात आजारी सासू-सासरे किंवा तान्हे मूल असले की चोवीस तासांच्या बाईचा शोध सुरू होतो आणि मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा थेट झारखंडमधून एखादी ताई एका पिशवीनिशी दाखल होते. धुणीभांडी किंवा पोळ्या उरकून घरी परतणाऱ्या बाईच्या कामाला आपोआप शेवट असतो, तो घरातच राहणाऱ्या ताईंच्या कामाला नसतो, आणि बहुतेक घरांतल्या कुरबुरींचे मूळ मला इथेच दिसते. म्हणून त्या येण्यापूर्वीच रोजचे काम किती वाजता सुरू होईल, दुपारी किती वेळ पूर्ण विश्रांती मिळेल आणि रात्री किती वाजल्यानंतर त्यांना कोणी हाक मारणार नाही, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे. रात्री रुग्णासाठी उठावे लागणार असेल, तर तेही आधी सांगावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढी झोप भरून काढू द्यावी. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी असावी, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांविषयीचा 2011 चा करार सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नसली, तरी सुटी द्यायला आपल्याला कोणाची आडकाठी नाही.

त्यांच्या जागेची तयारी आदल्या दिवशीच करावी. स्वतंत्र खोली असेल तर तिला आतून कडी हवी, आणि नसेल तर निदान कुलूप लागणारे एक कपाट, स्वच्छ अंथरूण-पांघरूण, पंखा आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय हवी. दिवाणखान्यात झोपावे लागणार असेल, तर तिथला टीव्ही ठरलेल्या वेळी बंद करण्याची शिस्त घरच्यांना लावून घ्यावी लागते, कारण सगळे उठून गेल्याशिवाय त्यांना पाठ टेकता येत नाही आणि त्या तसे कधी बोलून दाखवत नाहीत. घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे आणि कशासाठी आहे हे पहिल्याच दिवशी सांगावे. त्यांच्या झोपण्याच्या जागी मात्र तो असूच नये.

पहिला दिवस कामाचा धरू नये. आंघोळ, जेवण आणि घरी सुखरूप पोचल्याचा फोन झाला, की घर दाखवावे, गिझर आणि फ्लश कसा चालतो ते सांगावे, आणि त्यांना कशी हाक मारलेली आवडेल ते विचारावे. वयाने मोठ्या असतील तर मावशी, बरोबरीच्या असतील तर नावापुढे ताई, असे मुलांनाही सांगावे आणि मुलांनी त्यांना अरे-तुरे केल्यास तिथल्या तिथे थांबवावे.

स्वयंपाकघराला मात्र भरपूर वेळ द्यावा लागतो. चुलीवर किंवा साध्या शेगडीवर उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपली काचेची शेगडी, इंडक्शन किंवा मायक्रोवेव्ह कधी वापरलेला नसतो, आणि ‘येते ना?’ असे विचारले की संकोचाने उत्तर ‘हो’ असेच येते. त्यामुळे विचारण्यापेक्षा करून दाखवावे आणि मग त्यांना करू द्यावे: रेग्युलेटर बंद करणे, शिट्टी काढण्यापूर्वी कुकरची वाफ जिरू देणे, मिक्सरचे भांडे नीट बसले आहे की नाही ते पाहणे. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालू-बंद करायचे नाही, खिडक्या उघडून रेग्युलेटर बंद करायचा आणि 1906 या क्रमांकावर फोन करायचा, हे दोन-तीनदा सांगावे. डब्यांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचता येत नसतील, तर पारदर्शक बरण्या वापरल्या की रवा आणि वऱ्याच्या तांदळाची गल्लत होत नाही. प्रत्येक घरच्या आमटीची चव वेगळी असते, तेव्हा पहिले काही दिवस शेजारी उभे राहून मीठ-तिखटाचे आपले प्रमाण दाखवावे. सूचना एकाच व्यक्तीने द्याव्यात. सासूबाई पोळी मऊ मागतात आणि सूनबाई खरपूस, अशा वेळी कोणाचे ऐकायचे हा पेच त्यांच्यावर टाकू नये.

जेवणाबाबत माझे मत ठाम आहे. घरात जे शिजते तेच, त्याच भांड्यांतून, पोटभर आणि वेळेवर त्यांना मिळायला हवे. भाकरीची किंवा दोन्ही वेळ भाताची सवय असलेल्या माणसाचे तीन फुलक्यांत भागत नाही, म्हणून त्यांच्या सवयीचे काय लागते ते विचारून सामानाच्या यादीत घालावे. सगळ्यांची जेवणे आणि आवराआवर होईपर्यंत त्यांना उपाशी ठेवू नये.

पैशांचे बोलणे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून एका कागदावर लिहावे: पगार किती आणि कोणत्या तारखेला, वर्षाला पगारी सुट्या किती, खाडा झाला तर काय, दवाखान्याचा खर्च कोणाचा आणि उचल घेतली तर ती दरमहा किती वळती होणार. पगार त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जावा. खाते नसेल तर जनधन योजनेत किमान शिल्लक न ठेवता ते उघडता येते. जुन्या साड्या आणि उरलेले अन्न यांची किंमत पगारात धरू नये. पोलीस पडताळणीसाठी आधार कार्डाची प्रत पुरेशी असते, मूळ कार्ड त्यांच्याकडेच राहू द्यावे. कार्डावरचे वय मात्र नीट पाहावे, कारण चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे, आणि माझ्या मते अठराच्या आतल्या मुलीला घरी राहून काम करायला ठेवूच नये.

महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, तेव्हा नोंदणीसाठी कामगार कार्यालयात त्यांच्याबरोबर स्वतः जावे. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे त्यांना घरातल्या एखाद्या स्त्रीने सांगावे आणि तातडीच्या मदतीचा 112 हा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्यावा.

पहिल्या पंधरवड्यात घरची आठवण फार येते. गावी मूल ठेवून आलेली आई दुपारी फोनवर बराच वेळ बोलली, तर तो कामचुकारपणा समजू नये. भांडे फुटले किंवा दूध उतू गेले, तर पाहुण्यांसमोर न बोलता नंतर बाजूला घेऊन सांगावे. पहिला पगार झाला की निवांत बसून कोणते काम जड जाते ते विचारावे आणि निदान एक गोष्ट लगेच बदलावी, म्हणजे पुढच्या वेळी त्या मोकळेपणाने बोलतील. त्याच बैठकीत गावी जाण्याची तारीखही ठरवून टाकावी, मग ती पोळ्याची असो, दिवाळीची असो किंवा छठची. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, तेव्हा जातानाचे आणि येतानाचे तिकीट ज्याचे आरक्षण ज्या दिवशी खुले होईल त्या दिवशी काढून त्यांच्या हाती द्यावे, आणि तेवढ्या दिवसांसाठी घरच्या कामाची दुसरी सोय आधीच लावून ठेवावी.