चौकटी कंस कोण वाचणार आहे, ते आधी बघा

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात हवं ते शोधायचा पॅटर्न, शिकायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: हा पॅटर्न चालणार कुठं? ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडमध्ये, पायथनमध्ये, जावात की ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये? माझं काम मजकूर साफ करण्याचं आणि फॉर्ममधल्या माहितीची तपासणी लिहिण्याचं. एकच नियम तीन-चार ठिकाणी लागतो, त्यामुळे कॉपी-पेस्टचा मोह होतोच. पण चौकटी कंस, म्हणजे ‘यांपैकी कुठलंही एक अक्षर’ असा संच, उघडला की आत वेगळं व्याकरण सुरू होतं आणि ते ज्या-त्या इंजिनाचं, म्हणजे पॅटर्न वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं, आपापलं असतं.

`[[क-घ]]` घ्या. जावा याला संचातला संच समजतं, म्हणून क, ख, ग, घ यांपैकी कुठलंही एक अक्षर जुळतं. पायथनला आतला `[` हे साधं चिन्ह वाटतं. पहिल्या `]` पाशी संच संपतो आणि शेवटचा `]` मजकुरात असावाच लागतो. म्हणजे नुसता `ग` जुळत नाही, `ग]` जुळतं. पायथन ३.७ पासून अशा ठिकाणी इशारा देतं, पण प्रोग्रॅम थांबत नाही. मला एररपेक्षा याची धास्ती जास्त वाटते. एरर आली की माणूस निदान कोड उघडून बघतो, चुकीचं जुळलेलं गुपचूप डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. जावास्क्रिप्टही, ‘यू’ किंवा ‘व्ही’ फ्लॅग (पॅटर्नच्या शेवटी जोडायचं अक्षर) नसेल तर, पायथनसारखंच वाचतं, मात्र २०२४ च्या मानकातला ‘व्ही’ फ्लॅग लावला की तिथंही संचात संच चालतो.

`[]क]` मध्ये ग्रेप, पर्ल आणि पायथन पहिला `]` संचातलं चिन्ह मानतात. जावास्क्रिप्टमध्ये `[]` म्हणजे रिकामा संच, जो कशाशीच जुळत नाही. मग `]` च्या आधी बॅकस्लॅश द्यावा, असं कुणालाही वाटेल. पायथनमध्ये `[\]क]` बरोबर चालतं. ग्रेप पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाचे नियम पाळतं आणि तिथं कंसात बॅकस्लॅश हे साधं चिन्ह असतं, त्यामुळे तो `\क]` शोधत बसतो. म्हणून ग्रेपसाठी `]` सगळ्यांत आधी आणि `-` (मध्ये असला तर तो ‘इथपासून तिथपर्यंत’ असा पट्टा धरतो) सगळ्यांत शेवटी लिहायची सवय लावून घ्या.

मराठी मजकुरावर काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट आधीच तपासा. बॅकस्लॅश-डब्ल्यू (`\w`) म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’ असं शिकवतात, पण पायथनच्या ‘री’ मॉड्यूलला काना-वेलांटी त्यात धरायची नसते. ‘मराठी’ दिलं तर हाती ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे येतात. वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं ‘रेजेक्स’ मॉड्यूल तोच शब्द अखंड देतं. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू देवनागरीला ओळखतच नाही. तिथं अक्षरं आणि मात्रा यांचे युनिकोड वर्ग (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीतले गट) एकत्र लिहून संच करा आणि ‘यू’ फ्लॅग विसरू नका. देवनागरीचा सगळा पट्टा घेतलात तर दंड आणि मराठी अंकही आत येतात, नावांच्या रकान्याला ते नको असतात. पट्ट्याची टोकं थेट टाइप न करता कोड पॉइंटनं, म्हणजे चिन्हाच्या युनिकोड क्रमांकानं, लिहा. पहिलंच चिन्ह अनुस्वारासारखं डोक्यावर बसणारं आहे, ते कंसाला चिकटतं आणि नजरेतून सुटतं.

चाचणीचे शब्दही तसेच निवडा: ‘कृष्णा’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘दुःख’, आणि कंस, डॅश, बॅकस्लॅश असलेली एखादी ओळ. ऑनलाइन टेस्टर वापरायचा तर त्यात आपलंच इंजिन निवडलंय ना, हे बघून घ्या.