पझल सुटलं, पण उत्तरातला इंग्लिश ‘ही’ (he) नक्की कोण? या चुका टाळा

सोसायटीच्या नाहीतर चेस क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी पझल टाकलं की उत्तर इंग्लिशमध्येच लिहावं लागतं, मुंबईतला ग्रुप म्हटल्यावर मराठी, गुजराती, तमिळ सगळेच असतात त्यात. आणि गडबड दोन ठिकाणी होते, पटावर आणि वाक्यात, म्हणजे खेळाडूला ‘ही’, ‘शी’ की ‘दे’ (he, she, they) लिहायचं त्यात. मला विचाराल तर दुखणं एकच, समोर काय आहे ते न बघता सवयीने हाताला लागेल ते उचलायचं.

आधी पट. १८९५ सालचं साव्हेद्राचं पझल लावून बघा (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). पांढरा राजा बी६, प्यादं सी६, काळा राजा ए१, काळा हत्ती डी५, चाल पांढऱ्याची आणि जिंकायचंय. प्यादं सी७ला ढकललं की काळा हत्ती डी६, डी५, डी४, डी३ असे शह देत सुटतो आणि आपला राजा बी५, बी४, बी३ करत सी२ला येतो. मग हत्ती गुपचूप डी४ला. आता बहुतेक जण काय करतात, प्यादं सी८ला नेऊन वजीर करून मोकळे! झालं, काळा सी४ला हत्तीने शह देतो, वजिराने मारला की काळ्या राजाला हलायला घरच नाही, स्टेलमेट, गेम ड्रॉ. वजीर नाही, हत्ती करायचा. मग ए८वरून मात करायची धमकी येते, काळ्याला हत्ती ए४ला आणावाच लागतो, आणि राजा बी३ला आला की हत्तीवर हल्ला आणि सी१वर मात, दोन्ही एकदम. ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्रीला हे दिसलं होतं.

आणि हो, चाल बरोबर खेळूनही ॲप चूक दाखवत असेल तर सेटिंगमध्ये ऑटो-क्वीन (प्यादं शेवटच्या घरात पोचलं की आपोआप वजीर करणारी सोय) बंद आहे का बघा. चालू असेल तर हत्ती निवडायला मिळतच नाही, लोक उगाच स्वतःच्या डोक्याला दोष देत बसतात.

आता वाक्य. समोरचा खेळाडू म्हणजे ‘ही’च, हे ऑटो-क्वीनसारखंच डोक्यात बसलेलं असतं. नावापुढे जीएम (ग्रँडमास्टर) दिसलं की डोळे झाकून ‘ही’. अरे, नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, कोनेरू हंपी तर २००२ पासून आहे. आणि आपल्या मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ सालीच पुरुषांच्या नॅशनलमध्ये खेळल्या होत्या. तेव्हा आधी नाव बघा. नावावरूनही कळेलच असं नाही, किरण बाई की पुरुष हे दादर स्टेशनवर उभं राहून हाक मारली तरी ठरणार नाही, दोन्ही वळून बघतील. माहीत नसेल तर ‘दे’ लिहा, एकट्या माणसालाही चालतं, फक्त पुढे ‘इज’ लावू नका, ‘आर’च येतं. कुणी स्वतःसाठी काय वापरायचं ते सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला.

सगळ्यात जास्त घोळ होतो दोघांना एकच सर्वनाम लावलं की. दिव्या-हंपी फायनलमधली पोझिशन समजावताना ‘शी टेक्स, देन शी लूझेस’ लिहिलंत तर घेतलं कुणी आणि हरलं कोण? तिथे सरळ व्हाइट आणि ब्लॅक लिहा, वाक्य थोडं रुक्ष वाटेल पण वाचणारा चाल चुकणार नाही.

सोंगट्यांना ‘इट’. वजीर मराठीत पुल्लिंगी म्हणून क्लासची पोरं क्वीनला बिनधास्त ‘ही’ लिहितात, ते मात्र वाचवत नाही. ‘शी’ एकवेळ खपेल.

कुणीतरी हमखास म्हणतं की फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांतच लिहिलंय, ‘ही’मध्ये ‘शी’ धरायचं. लिहिलंय, बरोबर आहे. पण ते नियमपुस्तकापुरतं, तिथे समोर कुणी ठरावीक माणूस नसतो, तुमच्या ग्रुपवर जिने पझल सोडवलंय ती तर खालीच रिप्लाय टाइप करत असते.