लेझरच्या ठिपक्यावरून धारेचा कोन मोजणे

सुरीच्या धारेचा उतार बहुधा मिलिमीटरभरही रुंद नसल्यामुळे त्यावर कोनमापक टेकवता येत नाही. मात्र तोच उतार आरशासारखा उजेड परावर्तित करतो. पात्याच्या मध्यरेषेच्या दिशेने समोरून आलेल्या किरणाला धारेचा प्रत्येक उतार स्वतःच्या कोनाच्या दुप्पट वळवतो, म्हणजे २०° चा उतार किरणाला ४०° बाजूला नेतो.

पुठ्ठ्यावर ११४.६ मिमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढावे व कडेने कागदाची पट्टी उभी चिकटवावी. ही त्रिज्या मुद्दाम घेतली आहे, कारण या कंसावरचे ४ मिमी अंतर म्हणजे उताराचा १° होतो आणि खुणा साध्या फूटपट्टीने करता येतात. कंसाच्या मध्यावर शून्य लिहून दोन्हीकडे आकडे वाढवत न्यावेत. लेझर पॉइंटर व्यासाच्या बाजूला असा पक्का बसवावा की किरण केंद्रावरून शून्यावर पडेल. पॉइंटर १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा असावा, आणि डोळे किरणाच्या पातळीत कधीही आणू नयेत. चकचकीत पाते किरण कुठेही फेकू शकते.

पाते तेल-पाणी पुसून, टोक खाली करून, धार लेझरकडे येईल असे केंद्रावर उभे धरावे. ठिपके किरणाच्याच उंचीवर पडले पाहिजेत. वर-खाली गेले तर धार पुढे-मागे झुकली आहे. टोकाजवळच्या वळणावर मोजताना तेवढा भाग उभा येईल इतकी सुरी कलती करावी लागते. सुरी डावी-उजवीकडे किंचित वळली, तर एका बाजूचा आकडा जितका वाढतो तितकाच दुसऱ्या बाजूचा घटतो; म्हणून दोन्हींची बेरीज, म्हणजेच धारेचा एकूण कोन, हाच विश्वासाचा आकडा. सुताराच्या पटाशीला उतार एकाच बाजूला असतो, तेव्हा तिची सपाट पाठ किरणाला समांतर ठेवून एकच ठिपका वाचावा.

खरी गंमत ठिपक्याच्या आकारात आहे. निसण्याचे ओरखडे धारेला आडवे असतील, तर ठिपका उभ्या रेघेसारखा ताणला जातो आणि वाचन बिघडत नाही. तोच आडवा पसरला, तर उतार बहुधा फुगीर आहे, आणि पसरट पट्ट्याचे शून्यापासून दूरचे टोक अगदी धारेजवळचा कोन दाखवते. एकाच बाजूला दोन वेगळे ठिपके दिसले, तर बाहेरचा, बहुतेकदा फिकट, ठिपका धारेवर शेवटी दिलेल्या बारीक दुसऱ्या उताराचा असतो. तो पाहण्यासाठी खोलीत अंधार करावा.