इंजिन अडखळतंय? मोटरला दोष देण्याआधी या चुका तपासा

किटमधून पहिलं मॉडेल रेल्वे इंजिन बांधणारा माणूस खोका उघडतो, पितळी पत्र्यावर कोरलेले नाजूक भाग बघून हरखतो आणि सुरुवात करतो ती बॉडीपासून. केबिन, टाकी, धुराडं. तीन-चार रविवार त्यातच जातात. मग घाईघाईने चाकं आणि मोटर बसवून इंजिन रुळावर ठेवतो, ते चार इंच जातं आणि लंगडत थांबतं. आधी कळस, मग पाया! पुण्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आलेल्या उत्साहात मीही हेच केलं होतं.

इथे लिहितोय ते डबल-ओ स्केलच्या चारचाकी सॅडल टँक इंजिनाबद्दल. ब्रिटनमधल्या कारखान्यांच्या आणि गोद्यांच्या यार्डात वाघिणी ढकलणारं हे ठेंगणं इंजिन, पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी घेतलेलं. या स्केलमध्ये फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे 1:76. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 16.5 मिमी, वीज रुळांतूनच, 12 व्होल्ट डीसी. (खरं तर ब्रिटिश गेज 4 मिमी स्केलला 18.83 मिमी यायला हवं. म्हणजे हे रूळ मुळातच अरुंद आहेत. आपलं ब्रॉडगेज तर 22 मिमी भरेल. या वादात पडू नका, आयुष्य कमी पडेल.)

मोटर बसवण्याआधी ढकलून न बघणं

सगळ्या चुकांची आई हीच. नुसती चॅसी, चाकं आणि दोन्ही बाजूंचे जोडरॉड (पुढचं-मागचं चाक जोडणाऱ्या पट्ट्या) एवढंच बसवा. मोटर नको, गिअरही नको, कारण वर्म गिअर (मोटरच्या दांड्यावरच्या मळसूत्राने फिरणारं दातेरी चाक) एकदा लागला की चाकं हाताने फिरतच नाहीत आणि दोष झाकला जातो. आता काचेवर ठेवून काच थोडी तिरकी करा. इंजिन आपलं आपण घरंगळायला हवं. तसं झालं नाही, तर मोटर ते ओढेल या आशेवर राहू नका. ओढेलही थोडा वेळ, पण तापेल, आणि मग आपण कंट्रोलरचं, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या खोक्याचं, बटण आणखी पिळतो.

चाकाच्या प्रत्येक फेरीत एकाच जागी अटकत असेल, तर दोष दोनपैकी एक असतो. एका बाजूचा रॉड काढून टाका आणि पुन्हा ढकला. एकच रॉड असतानाही अटकतंय, म्हणजे रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि दोन आखांमधलं अंतर जुळत नाही. रॉड आणि क्रँक एका रेषेत आले की ते हमखास अडतं. एका रॉडवर लोण्यासारखं चालतंय आणि दुसरा लावला की अडतंय, तर क्वार्टरिंग चुकलंय.

क्वार्टरिंग म्हणजे उजव्या चाकाची क्रँकपिन (चाकावरची जोडरॉड अडकवायची खुंटी) डाव्याच्या 90 अंश पुढे किंवा मागे असणं. एका बाजूचा रॉड मृतबिंदूवर (जिथे ढकलूनही चाक फिरत नाही) असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असतो, म्हणून खरी इंजिनंही अशीच बांधलेली असतात. तुमचा कोन 90 ऐवजी 88 झाला तरी चालेल, पण दोन्ही आखांवर तोच 88 हवा. पुढच्या आखावर 90 आणि मागच्यावर 87 हे चालणार नाही. एक आख पक्का धरा, त्याला हात लावू नका, आणि दुसऱ्याचं चाक केसभर फिरवत जुळवा. नवखे दोन्ही आख आलटून-पालटून हलवत बसतात आणि रात्रीचे दोन वाजवतात.

भोकं मोठी करणं हा शेवटचा उपाय. ड्रिल लावू नका, पाच कडांचा छोटा ब्रोच हाताने फिरवा. दोन वळसे, मग ढकलून बघा, परत दोन वळसे. एकदा भोक ढगळ झालं की इंजिन चालताना सुट्या नाण्यांसारखं खुळखुळतं.

आखावरच्या दोन चाकांमधलं आतलं अंतरही मोजा. डबल-ओसाठी ते 14.5 मिमी. कमी असेल तर इंजिन रूळ बदलण्याच्या सांध्यावर उडी मारतं, आणि आपण रुळांना शिव्या देतो.

चार चाकं, पण टेकतात तीन

चॅसी जरा पिळली गेली की एक चाक अधांतरी राहतं. डोळ्यांना दिसत नाही. पीएमपी बसच्या तिकिटाची बारीक पट्टी फाडा, इंजिन काचेवर ठेवा आणि पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघा. जिथे ती सहज निघून येते, ते चाक वीज घेत नाही. आठ चाकांच्या इंजिनाला हे खपून जातं. चारचाकीला नाही, कारण प्रत्येक रुळावर दोनच चाकं असतात. त्यातलं एक हवेत आणि दुसरं धुळीवर आलं, की गाडी उभी.

वीज उचलणाऱ्या तारांचा दाबही असाच नाजूक. फॉस्फर ब्राँझची 0.3 मिमीची तार पुरे. ती चाकाच्या पाठीला जेमतेम टेकली पाहिजे. जाड तार घट्ट दाबून बसवली की तोच ब्रेक होतो. तारा बसवल्यावर पुन्हा काच तिरकी करा. आधी घरंगळत होतं आणि आता नाही, तर दोषी कोण ते उघड आहे.

आणि तेल. सुईच्या टोकावर येईल तेवढंच, आखाच्या बेअरिंगला. प्लास्टिक गिअर असेल तर प्लास्टिकला चालणारंच तेल. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालणारे मी पाहिलेत. डिसेंबरात पुण्यात बाटलीतलं तेल थिजतं, तसं ते गिअरमध्येही थिजतं.

मोटर निवडताना गणित टाळणं

पुण्यात तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात मी विचारलं होतं, "काका, ही किती व्होल्टची?" उत्तर आलं, "द्या कितीही, फिरते." फिरली खरी. 6 व्होल्टची होती, 12 वर दहा मिनिटांत वास यायला लागला.

गणित सोपं आहे. यार्डातलं इंजिन ताशी 20 किमीने चालतं असं धरू. म्हणजे सेकंदाला 5.56 मीटर, त्याला 76 ने भागलं की 73 मिमी. चाक 12 मिमी व्यासाचं, परीघ 37.7 मिमी. म्हणजे चाकाचे मिनिटाला साधारण 116 फेरे. वर्म गिअर 40:1 चा असेल तर मोटरचे झाले 4,640. त्यामुळे 12 व्होल्टला 12,000 फेरे घेणारी मोटर पूर्ण जोरात ताशी 52 किमी पळवेल आणि निम्म्याखाली छान रांगेल. तीच मोटर 15:1 गिअरला लावलीत, तर हे ठेंगणं इंजिन राजधानीच्या वेगाने कठड्यावरून खाली जाईल.

वर्म आणि गिअर एकमेकांवर घट्ट दाबू नका. मध्ये पातळ कागद ठेवून मोटर पक्की करा, मग कागद ओढून काढा. पुढे छान चालतं आणि मागे घेताना खरखरतं, अशी तक्रार असेल तर मोटरचा दांडा आत-बाहेर सरकतोय का ते बघा.

वीज: नुसता अ‍ॅडॉप्टर नको

12 व्होल्ट 2 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर थेट रुळांना जोडला, की इंजिन घसरून शॉर्ट झाल्यावर सगळा करंट त्या केसाएवढ्या तारांतून जातो. अ‍ॅडॉप्टर आणि कंट्रोलरच्या मध्ये कारच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब एकसर जोडा. एरवी तो विझलेला राहतो. शॉर्ट झाला की पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास रोखतो.

इंजिन चालताना मल्टिमीटर लावून करंट बघा. आकडा चाकाच्या फेरीबरोबर वर-खाली होत असेल, तर अजून कुठेतरी अटक आहे.

पुढे डिजिटल डीकोडर (रुळांतून आलेले आदेश मोटरला देणारी छोटी चिप) बसवायचा असेल, तर मोटरचं एकही टोक चॅसीला टेकलेलं नको. आधी वीज उचलणाऱ्या तारा मोटरपासून सोडवा, मग मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक मोटरला, दुसरं आळीपाळीने चारही चाकांना. एकदा जरी वाजला, तरी डीकोडर जोडू नका. अर्ध्या सेकंदात जळतो.

डाग देताना (सोल्डरिंग)

पितळी पत्रा उष्णता पिऊन टाकतो. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न त्यावर नुसतं चिकटतं, 50-60 वॅटचं हवं आणि पटकन उचलायचं. उलट धुराडं, घुमट असे ओतीव भाग पांढऱ्या धातूचे असतात, त्यांना तेच आयर्न लावलंत तर गेले. माझ्या धुराड्याचा एका क्षणात चकचकीत थेंब झाला होता. त्यांना 70 अंशाला वितळणारा सोल्डर लागतो, आणि तो पितळेला धरत नाही. म्हणून पितळेवर आधी साध्या सोल्डरचा पातळ थर द्यायचा.

अ‍ॅसिड फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात ते आम्ल) त्याच रात्री धुवा. जुना टूथब्रश, कोमट पाणी, थोडी पितांबरी, आणि मग भरपूर स्वच्छ पाणी. पावसाळ्यात तर सकाळपर्यंत सांधे हिरवे दिसतात.

रंग सगळ्यात शेवटी, चाकं काढून. रंग दिल्यावर वळणावरच शॉर्ट व्हायला लागला, तर चाक ब्रेकच्या पितळी गुटक्याला घासत असतं. गुटक्याच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचे दोन हात द्या, रात्रभर वाळू द्या.