चाळिशीत ऑटिझम ओळखताना: लक्षणं मोजण्याआधी थकवा मोजा

ऑटिझमच्या लक्षणांच्या याद्या वाचून 'हे तर माझंच वर्णन' असं वाटलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण, जिच्यामुळे लोकांत मिसळणं आणि आवाज-स्पर्श पेलणं जड जातं. त्यातलाच, पूर्वी ज्याला ॲस्पर्जर म्हणायचे तो प्रकार मला आहे, हे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी रीतसर निदान झाल्यावर कळलं. प्रौढ माणसात, विशेषतः बायकांत, वरून बघून फारसं काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. वेळेवर हसायचं, 'या ना, बसा ना' म्हणायचं, हे सगळं आपण बघून बघून शिकलेलो असतो. बघायचं ते हे, की इतरांना सहज जमणाऱ्या गोष्टींसाठी आपल्याला किती कष्ट पडतात आणि नंतर सावरायला किती वेळ लागतो.

म्हणून आधी एक वही घ्या. दोन-तीन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा: काय जड गेलं आणि त्यानंतर काय झालं. 'कंटाळा आला' असं मोघम नको. माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: हळदीकुंकवाला गेले, सगळ्यांशी नीट बोलले, घरी आल्यावर दिवा न लावता पडून राहिले, जेवण गेलं नाही. एका डॉक्टरांना रिपोर्टबद्दल फोन करायचा होता, बोलायची वाक्यं आधी कागदावर लिहून काढली. साहेब म्हणाले, "हे जरा बघून घ्या." नेमकं काय बघायचं ते कळेना, फाइल उलटसुलट चाळत बसले. आणि एक वेगळी नोंद: दुपारभर मायक्रोस्कोपखाली स्मिअर (काचपट्टीवर पसरलेले नमुने) बघितले, अजिबात थकले नाही. अशी नोंद वगळू नका. कुठे थकवा येत नाही, त्यातूनही बरंच कळतं.

आवाज, वास आणि स्पर्शासाठी वहीत वेगळं पान ठेवा. ट्यूबलाइटची गुणगुण, मिक्सर, स्टार्चची साडी, ब्लाउजची टोचणारी शिवण, गणपतीतले स्पीकर. त्रास सगळ्यांनाच होतो, पण बाकीचे थोड्या वेळात तो आवाज विसरून गप्पांना लागतात. तुम्हाला विसरता येतं का, ते लिहा.

ऑटिझम चाळिशीत नव्याने होत नाही, तो लहानपणापासून असतो. त्यामुळे डॉक्टर बालपणाबद्दल विचारणारच. आई असेल तर तिच्याशी बोला, पण 'मी वेगळी होते का गं?' असं विचारू नका. कुठलीही आई 'छे, किती गुणाची होतीस' म्हणेल. नेमकं विचारा: नवा फ्रॉक घालताना मी काय करायचे? मे महिन्यात मामाकडे गेल्यावर कुणाबरोबर खेळायचे? रोजचा क्रम बदलला की काय व्हायचं? माझ्या आईला लगेच आठवलं, की मी एसटी स्टँडवरच्या गाड्यांच्या वेळा पाठ करून ओळीने म्हणत बसायचे, आणि नवे कपडे धुऊन मऊ झाल्याशिवाय अंगाला लागू द्यायचे नाही. जुनी प्रगतिपुस्तकंही शोधा. 'हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही' हा शेरा तज्ज्ञांच्या फार उपयोगी पडतो. आई-वडील नसतील तर मावशी, थोरला भाऊ, वाड्यातल्या जुन्या शेजारणी.

नावाबद्दल थोडक्यात. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. १९८१ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांच्या लेखामुळे त्यांचं नाव सर्वत्र गेलं. १९९४ मध्ये ते अमेरिकेच्या निदानसूचीत आलं आणि २०१३ मध्ये काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ऑटिझमच्या सगळ्या छटांच्या एकाच नावात, मिसळलं गेलं. नाझी काळातल्या ॲस्पर्जर यांच्या वर्तनाबद्दलचं संशोधन २०१८ मध्ये पुढे आल्यावर अनेकांनी हे नाव वापरणं सोडलं. तेव्हा रिपोर्टवर 'ऑटिझम' दिसलं तर काहीतरी जास्त गंभीर निघालं असं समजू नका.

ऑनलाइन चाचण्यांपैकी केंब्रिजमध्ये तयार झालेली एक्यू (ऑटिझम कोशंट) ही ५० प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध आहे. तीत ३२ किंवा अधिक गुण आले तर पुढे तपासून घ्यावं, एवढाच अर्थ. ते निदान नव्हे. संग्रहालयापेक्षा नाट्यगृहात जायला आवडेल का, असं तीत विचारतात. आमची सांगली नाट्यपंढरी. इथे नाटक बघत वाढलेल्या माणसाचं उत्तर इंग्लंडच्या हिशेबात कसं बसवायचं? गुणांपेक्षा प्रत्येक उत्तरामागचा प्रसंग लिहून ठेवा.

निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. वेळ घेतानाच विचारा, "प्रौढांचं ऑटिझमचं मूल्यमापन करता का?" बरेच जण फक्त मुलांचं करतात. वहीतलं दोन पानांत उतरवून न्या, कारण समोर बसल्यावर ऐन वेळी काही सुचत नाही. मला पहिल्या ठिकाणी सांगण्यात आलं, की तुमचं लग्न झालंय, नोकरी आहे, नजरेला नजर देता, मग ऑटिझम कसा असेल? असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, नजर कशी देता ते सांगा. मी समोरच्याच्या भुवयांच्या मध्ये बघते आणि किती वेळ बघायचं ते मनात मोजते. हे सांगितल्यावर दुसऱ्या ठिकाणी पुढचे प्रश्न सुरू झाले. एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं), सामाजिक चिंता, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती), नैराश्य हेही तपासू द्या; ते ऑटिझमसारखे दिसू शकतात आणि त्याच्या जोडीलाही असू शकतात. ऑटिझम घालवणारं औषध नाही, पण चिंता-नैराश्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

निदानानंतर मला हलकं वाटलं आणि मग खूप राग आला. शाळेतली एकटी डबा खाण्याची वर्षं, 'शिष्ट आहे' म्हणून ऐकलेली बोलणी, सगळं नव्याने दिसू लागलं. हे होऊ द्या. त्या दिवसांत नोकरी सोडण्यासारखे मोठे निर्णय घेऊ नका, आणि सगळ्या नातेवाइकांना लगेच सांगतही सुटू नका.

मग स्वतःला बदलण्याऐवजी व्यवस्था बदला. लॅबमध्ये प्रत्येक चाचणीची लेखी कार्यपद्धती असते. तशीच मी आणि नवऱ्याने मिळून घरासाठी लिहिली. कामावरून आल्यावर अर्धा तास माझ्याशी कुणी बोलायचं नाही. लग्नाला जायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि निघायचं. निरोपाचं बोलणं तो सांभाळतो. सासूबाईंना ऑटिझम हा शब्द न वापरता एवढंच सांगितलं, की गोंगाटाने माझं डोकं दुखतं. त्यांनी मिक्सर सकाळी मी आंघोळीला गेल्यावर लावायला सुरुवात केली. ऑफिसातही निदान न सांगता एकच मागणी केली: काम तोंडी सांगितलं तरी एक ओळ व्हॉट्सॲपवर टाका. ती मान्य झाली.

दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार करत असाल तर २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि ते ठरवायला इसा ही ऑटिझमची तीव्रता मोजणारी ४० विधानांची भारतीय मोजपट्टी वापरतात. बोलत्या, कमावत्या माणसाला तिच्यात कमी गुण पडू शकतात. त्यामुळे तुमचं निदान खोटं ठरत नाही.

ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, म्हणून आपल्या मुलांकडेही लक्ष असू द्या. मूल शाळेतून आल्यावर रोज रडत असेल, कपड्यांवरून, आवाजांवरून कासावीस होत असेल, तर शासनाच्या डीईआयसी (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या) केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा आणि जाताना त्याचीही दोन पानं लिहून न्या.