फुकट सॅम्पल ऑनलाइन मागवताना: बडोद्यातल्या घरांसाठी

कंपनी सॅम्पल देते ते नवा माल तुमच्या हातात पडावा आणि तुमचा नंबर तिच्याकडे राहावा म्हणून. त्यामुळे खऱ्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, मोबाइल आणि फार तर त्वचेचा किंवा केसांचा प्रकार विचारतात. नंबर तपासायला आलेला ओटीपी कंपनीच्याच पानावर भरायला हरकत नाही. फोन करून मागणाऱ्याला मात्र तो कधीही सांगू नका. आधार, कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन मागितला की तिथेच थांबा. पैसे मिळवायला पिन लागतच नाही.

शोधाची सुरुवात व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकपासून करू नका. घरातल्या शॅम्पूच्या किंवा चहाच्या पुड्यावर वेबसाइट छापलेली असते, ती स्वतः टाइप करा. लिंक उघडलीच असेल, तर पत्त्यात डॉट कॉम किंवा डॉट इनच्या लगेच आधी काय आहे ते पाहा. ब्रँडचं नाव सुरुवातीला आणि पुढे भलतंच काही असेल, तर ती साइट त्या भलत्याची. ‘दहा जणांना पाठवा, मग पार्सल निघेल’ ही अट खरी कंपनी घालत नाही. एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी फाइल) डाउनलोड करायला लावणारी ऑफर तर सरळ डिलीट करा.

सगळ्यात जास्त फसगत ‘फक्त १ रुपया भरा’ इथे होते. रुपया किरकोळ वाटतो, पण त्याच्याबरोबर ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची, परवानगी दिली जाते आणि पुढे दर महिन्याला मोठी रक्कम कापली जाते. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर ‘मँडेट’ किंवा ‘ऑटोपे’ लिहिलंय का ते वाचा. परवानगी दिली गेली असेल, तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन ती रद्द करा. डिलिव्हरीचा खर्च उघडपणे सांगून ट्रायल पॅक देणाऱ्या साइट्स वेगळ्या. त्या फसव्या असतीलच असं नाही, पण तो माल फुकट नव्हे, स्वस्त.

तान्ह्या बाळाच्या दूध पावडरचं किंवा बाटलीचं फुकट सॅम्पल कुणी देत असेल, तर घेऊ नका. आईचं दूध सुटू नये म्हणून १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी अशी सॅम्पलं वाटायला मनाई आहे.

जीमेलवर नावापुढे अधिक चिन्ह आणि एक शब्द जोडून (नाव+सॅम्पल, इंग्रजी अक्षरांत) पत्ता दिला, तरी मेल तुमच्याच खात्यात येते. प्रत्येक कंपनीला वेगळा शब्द दिलात, तर जाहिरातींचा मारा कुणामुळे सुरू झाला ते कळतं. नको असलेले जाहिरातींचे फोन थांबवायला १९०९ हा नंबर आहे.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत एका दारामागे चार-पाच बिऱ्हाडं असतात. पत्त्यात मजला, दारावरच्या पाटीचं नाव, जवळची खूण आणि ३९० ने सुरू होणारा पिनकोड पूर्ण लिहा, नाहीतर पाकीट भलत्याच घरी जातं. एप्रिल-मेमध्ये चॉकलेट आणि लिपस्टिक मागवूच नका, वाटेतच वितळतात. न मागवलेलं पार्सल पैसे मागत दारात आलं, तर परत पाठवा.

पाकीट आल्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी पाहा; खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी लायसन्स नंबर हवा. क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा, मग चेहऱ्याला.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.